चिकटपट्टीखालचं बटण

गेल्या आठवड्यात अ‍ॅडलेडहून एका माणसाचा फोन आला. जुने कॉम्प्युटरचे खेळ जमवतो म्हणे. "डेल्माबाई, 'सातवा कंदील' नावाच्या खेळाचा खोका तुमच्याकडे आहे असं कळलं, विकाल का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणतो कसा, "अहो, तो खेळ कुणी खेळलंच नाही. आला तसा विसरला गेला. तुम्हाला त्याचं करायचंय काय?" मी म्हटलं, लोणचं घालायचंय. आणि फोन ठेवला.

कुणी खेळलंच नाही म्हणे. आम्ही खेळलो. मी आणि बार्बा लोव्रे.

बार्बा म्हणजे क्रोएशियन लोकांत काका. लोव्रे सगळ्या गावाचाच बार्बा होता. तरुणपणी बोटीने आला तो ओपलच्या रंगीत खड्यांमागे लागून थेट आमच्या या वाळवंटात, आणि मग कुठे गेलाच नाही. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. हात फावड्याएवढे आणि बोलणं मोजकं. मी विधवा झाले तेव्हा गावातल्या बायका महिनाभर येऊन रडून गेल्या. बार्बा एकदाच आला, दुकानाचं गळकं छप्पर दुरुस्त करून गेला आणि बोलला काहीच नाही. मला तो तेव्हापासून आवडायचा. आता तो नाही. खोका माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील.

पण आधी आमच्या गावाची खोड सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही मागे पाऊल टाकत नाही. गावाबाहेर बघावं तिकडे पांढऱ्या मातीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक खड्डा. माणूस अलगद मावेल एवढा गोल आणि सरळ खाली गेलेला. ओपल मिळो न मिळो, खणणारा निघून जातो, खड्डा राहतो. फोटो काढायला म्हणून दोन पावलं मागे सरकलेली पाहुणे मंडळी आम्ही दोरीने वर काढलेली आहेत. म्हणून मागे जायचं तर वळायचं, बघायचं, मग जायचं. घरातसुद्धा. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवतात.

एकच वेळ अशी की उलटं चालल्याशिवाय गत्यंतर नसतं. जड ओझं दोघांनी उचललं की एकाची पाठ वाटेकडे होतेच. तो म्हणतो, "पाठ." समोरचा म्हणतो, "बघतो." हे 'बघतो' कानावर पडेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. आणि एकदा 'बघतो' म्हटलं की समोरच्याने आपल्या सोबत्याच्या मागच्या जमिनीवरून नजर काढायची नाही, आणि तो डावीकडे म्हणेल तर उलटं चालणाऱ्याने डावीकडेच जायचं, का म्हणून विचारायचं नाही. कपाट हलवतानासुद्धा आम्ही हे म्हणतो. सवय झालीय.

आता खेळाचं. माझ्या दुकानात पंपाचे पट्टे, डिझेलचे फिल्टर, आणि एका कोपऱ्यात भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटी. एक विक्रेता आला, मिठास जिभेचा, आणि कॉम्प्युटरच्या खेळांची पेटीच गळ्यात मारून गेला. विमानांचे, मोटारींचे खेळ पोरांनी चटकन नेले. उरला एक. खोक्यावर काळोख, आणि काळोखात एक कंदील धरलेला हात, बस्स. पोरं म्हणाली, यात गोळीबार नाही, आवाज नाही, वाचावं लागतं. म्हणजे संपलंच.

बार्बा फ्यूज घ्यायला आला होता. खोका हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिला. "हा कंदील नीट धरलाय," म्हणाला. "चित्रकार खाली उतरलेला असणार."

"अरे बार्बा, तुझ्याकडे कॉम्प्युटर कुठंय?"

"शाळेने जुना काढलाय. आणतो."

आणि आणला. जमिनीखालच्या त्याच्या घरात, लाल दगडात कोरलेल्या खोलीत, त्या यंत्राचा हिरवा उजेड पडायला लागला. वर ऊन असं की पाल सावली शोधते, आणि खाली गारवा, कॉफीचा वास, चकती फिरताना होणारी घरघर. दुपारी दुकानात चिटपाखरूही येत नाही. मी कुलूप घालून जायची. नाही म्हटलं तरी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच.

खेळ साधा. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांची भुयारं. आपण चार जण. हातात कंदील, त्यात तेल थोडं. वाटेत शिरस्त्राण घातलेले उंदीर. तेल संपत आलं की रेघा पुसट व्हायच्या आणि मी उगाचच श्वास रोखून धरायची. वर एक सराई, तिथेच काय तो विसावा. सराईवाला प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायचा: 'पाय पुसून या.' पुढे पुढे मी पायऱ्या उतरले की बार्बाच म्हणायचा, "पाय पुसून ये." सहा उंदीर मारून आल्यासारखी मी पाय पुसायची.

चौघांची नावं आपण ठेवायची. सगळ्यात पुढे त्याने स्वतःला ठेवलं. मागे मला. मला न विचारता, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. माझ्यामागे शारो, म्हणजे लहानपणी त्याच्या गावाकडे होता तो कुत्रा. त्याला मांत्रिक केला. आणि सगळ्यात मागे निको.

निको त्याचा भागीदार होता. मी लग्न होऊन गावात येण्याआधीच खड्ड्यात पडून गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल बार्बाला कुणी विचारत नसे.

"निको मागे का?" मी म्हटलं.

"मागे मार बसत नाही. सुरक्षित जागा."

त्या खेळात मेलेला परत येत नव्हता. नाव चकतीवरूनच पुसलं जायचं, आणि त्या जागी एक ओळ उमटायची: 'याला आता हाक मारू नका.' म्हणून बार्बा निकोला जपायचा. उंदीर दिसला की स्वतः पुढे. निकोला ओरखडा आला तरी सराईवर परत. मी चिडायची, "अरे, असं मागे-पुढे करत बसलो तर आपण म्हातारे होऊ." तो म्हणायचा, "झालोच आहोत."

आणि एक. यंत्रावर बाणांची चार बटणं होती: पुढे, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, आणि न वळता मागे. पहिल्याच दिवशी बार्बाने ते चौथं बटण बघितलं, तोंड वाकडं केलं आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी हसले नाही. मलाही ते योग्यच वाटलं.

तर पाचव्या मजल्यावर आम्ही अडकलो. दुकानातल्या खाकी कागदावर मी नकाशा काढत होते. सगळ्या वाटा भिंतीशी जाऊन संपत होत्या. ज्याच्यासाठी उतरलो तो सातवा कंदील तिथेच कुठेतरी, आणि दार नाही. सराईत एक आंधळी म्हातारी बसलेली असे, ती म्हणायची: 'पुढे जाणाऱ्याला भिंत, पाठ देणाऱ्याला दार.' आम्ही अर्थ लावला, पाठ देणं म्हणजे पळून जाणं. मग काय, प्रत्येक उंदरापासून पळून पाहिलं. शेंबडी पोरंसुद्धा हसतील अशी आमची धावपळ. एक उन्हाळा गेला, दुसरा लागला. दार नाही ते नाहीच.

वर्षातून दोनदा विमानाने दाताचा डॉक्टर यायचा, फेन्विक. सकाळभर लोकांचे दात काढायचा आणि संध्याकाळभर स्वतःचे. हसरा, आगाऊ माणूस. बार्बाच्या घरची अंजिराची दारू त्याला आवडायची. एका दुपारी आला, आम्हाला पडद्यापुढे बघून खुर्ची ओढून बसला. आम्ही नुकतेच एका भिंतीला टेकून, वळून, परत निघालो होतो.

"हे बटण झाकलंय का?" फेन्विक म्हणाला.

"ते लागत नाही," बार्बा म्हणाला.

"लागत नाही तर ठेवलंय कशाला?" आणि या शहाण्याने नखाने चिकटपट्टी सोलली आणि बटण दाबलं.

मी आणि बार्बा एकदमच ओरडलो, "बघून!"

पण पडद्यावरचे आम्ही चौघं पाठमोरे भिंतीतून आरपार गेलो होतो. भिंत आता आमच्या समोर होती आणि आम्ही तिच्या पलीकडे. खाली अक्षरं उमटली: 'पायाखाली पोकळ वाजतंय.'

फेन्विक टाळ्या पिटायला लागला. "इतकंच? कुठलंही पोर पहिल्या दिवशी चुकून दाबेल." जगातलं दाबेल, बाबा. आमच्या गावातलं नाही दाबणार. फेन्विक पुन्हा बटणाकडे बोट न्यायला लागला, तोच बार्बाने त्याचं मनगट धरलं. असं धरलं की फेन्विकचं हसू ओठांतच राहिलं.

"उलटं चालताना पुढे कोण असतो?" बार्बा म्हणाला.

मी पडद्याकडे बघितलं. पाठीने चालायचं म्हणजे शेवटचा पहिला. निको.

बार्बाने पडद्यावरच्या आम्हाला तोंड फिरवून वळवलं, तसे आम्ही एकदम सराईतच येऊन पडलो. 'पाय पुसून या.' म्हणजे पलीकडची वाट फक्त उलटीच जाते. बघून जायची सोयच नाही. फेन्विक मनगट चोळत निघून गेला. बार्बाने यंत्र बंद केलं आणि बराच वेळ कॉफीचं भांडं विनाकारण घासत राहिला. मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

जनरेटर न्यायचा होता, एका खड्ड्यापासून दुसऱ्याकडे. दोघांनी उचलला. निको म्हणाला, "पाठ." लोव्रे म्हणाला, "बघतो."

"आणि बघत होतो," बार्बा म्हणाला. "मग पायाशी रंग दिसला."

रंग म्हणजे ओपल. इथे तो शब्द कुणी म्हटला की जेवणारा ताटावरून उठतो.

"एवढासाच. नखाएवढा. निळा, आत लाल. मी खाली बघितलं. तेवढ्यात जनरेटर एकदम जड झाला. वर बघितलं तर निको नव्हता. तो ओरडलासुद्धा नाही, डेल्मा. मी बघतोय म्हणून विश्वासाने चालला होता."

मी म्हटलं, "आणि तो रंग?"

"उचलला नाही. तिथेच असेल."

मी म्हटलं, सराईत रांग बदलता येते, निकोला पुढे आण, कुत्र्याला टाक मागे. बार्बा म्हणाला, "कुत्रा 'पाठ' म्हणू शकत नाही." ते मला तेव्हा विनोदासारखं वाटलं. आता वाटत नाही.

त्यानंतर तो उलटा चालायला लागला. आधी घरात, भिंतीला हात लावून. मग दुकानाबाहेरच्या रस्त्यावर. बायका पोरांना घरात ओढायच्या. समोरचा ग्रीक खानावळवाला स्पायरो दारातून ओरडायचा, "काय बार्बा, गेलेलं वय शोधायला निघालास का?" पण रात्रीच्या पत्त्यांच्या डावात त्याच्याच तोंडून निघालं, "तो जाणार. असं चालणारा माणूस जातोच." कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. आमच्यात हे अशुभ बोलणं नव्हे, हिशेब आहे.

मी एकदा त्याला रस्त्यातच अडवलं. "बार्बा, ही नसती थेरं कशाला? मला सांग तरी."

"निकोला शेवटी काय दिसलं ते बघतोय."

"काय दिसलं?"

"उलटं चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. समोरचाच दिसतो. त्याला मी दिसलो. खाली बघणारा."

मी त्याला रागावले, शिव्याही दिल्या, रडलेसुद्धा. त्याने माझ्या डोक्यावर तो फावड्याएवढा हात ठेवला आणि वळून, पाठमोरा, घराकडे गेला. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. दुकानात घंटी वाजली की वाटायचं, आली बातमी.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळपासून धूळ अशी की समोरची खानावळ दिसेना. दुकान बंद करून मी भाजलेलं मटण डब्यात घेतलं आणि बार्बाकडे गेले. पायऱ्या उतरले. 'पाय पुसून ये' कुणी म्हटलं नाही. जनरेटर चालू, कॉफी गार, खोलीत कुणी नाही. पडदा मात्र चालू होता.

पडद्यावर एक गोल खोली होती आणि तिच्यात सात कंदील. सातही पेटलेले. इतके दिवस जे शोधलं ते तिथे होतं, हिरव्या रेघांत, आणि खरं सांगते, फार सुंदर होतं. खाली नावं होती. निको. डेल्मा. शारो. चौथ्या जागी ती ओळ होती: 'याला आता हाक मारू नका.'

त्याने रांग बदलली होती. स्वतःला शेवटी घेतलं होतं. तो पडला, त्याच्यामुळे खड्डा कळला, बाकीचे पार झाले. टेबलावर बटणावरून सोललेल्या चिकटपट्टीची गुंडाळी पडलेली होती.

निको पडला तो खड्डा कुठे आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. जुन्या खोदकामाच्या माळाच्या टोकाला. तो खड्डा बार्बाने स्वतः पत्रे टाकून, वर दगड ठेवून झाकला होता. आमच्याकडचा झाकलेला एकुलता एक खड्डा. मी गाडी घातली. धुळीत आधी त्याची गाडी दिसली. मग गाडीला टेकवलेले पत्रे.

मी इंजिन लांबच बंद केलं. हाक मारायची नव्हती. दचकलेला माणूस पाऊल टाकतो.

तो खड्ड्याकडे पाठ करून उभा होता. खड्डा आणि त्याच्यात फार जमीन नव्हती. दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, जनरेटरच्या मुठी धरल्यासारख्या. मी चालत त्याच्या समोर गेले आणि थांबले. कुठे थांबले ते थांबल्यावर कळलं. निको पडला त्या दिवशी बार्बा जिथे होता तिथे.

"आलीस," तो म्हणाला.

"आले. खेळ मला न बोलावता संपवलास. हे बरं केलं नाहीस, बार्बा."

"निको पार झाला, बघितलंस?"

"बघितलं."

वारा त्याचा सदरा ओढत होता. त्याच्या टाचेखालची माती थोडी सरकली आणि मागे खड्ड्यात पडल्याचा आवाजही आला नाही. मग तो म्हणाला, "पाठ."

मी गप्प राहिले. 'बघतो' ऐकल्याशिवाय आमचा माणूस पाऊल टाकत नाही. मला वाटलं, मी बोललेच नाही तर तो उभाच राहील. पण त्याने पुन्हा म्हटलं, "पाठ," आणि या वेळी त्याची टाच उचलली होती. तो उत्तराची वाट बघत नव्हता. तो एकटाच जाणार होता, उत्तराशिवाय.

मी दोन पावलं पुढे झाले. त्याच्या मुठी माझ्या मुठींत घेतल्या, ओझ्याची दुसरी बाजू उचलल्यासारख्या.

"बघते," मी म्हटलं.

त्याची टाच हवेतच थांबली. एकदा 'बघते' म्हटलं की उलटं चालणाऱ्याने ऐकायचं असतं. त्याचं सगळं आयुष्य त्या नियमात गेलं होतं, आणि तो नियम मोडण्याची ताकद त्याच्यात नव्हती. मला एवढ्याचाच आधार होता.

"डावीकडे," मी म्हटलं. "अजून डावीकडे. टाच टेकव. आता सरळ."

तो ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिला आणि पाऊल मागे टाकत राहिला. मी त्याच्या मागची जमीन बघत होते. खड्ड्याची कड त्याच्या उजव्या पायाला घासून गेली. आणि तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी लखलखलं. वाऱ्याने वरची माती उडवली असणार. डोळ्याच्या कोपऱ्यात निळं आलं, आत लाल. लग्न झाल्यापासून मी या गावात राहिलेय. रंग दिसला की मान आपोआप खाली जाते, शिंक यावी तशी. मानेची शीर दुखेपर्यंत मी ती वर धरली.

"डावीकडे," मी म्हटलं. "हळू. डावीकडे."

गाडीपर्यंत आम्ही तसेच गेलो, तो उलटा आणि मी सुलटी. पुढे तो बरेच हिवाळे जगला आणि आपल्या अंथरुणात गेला. ते चौथं बटण त्याने पुन्हा झाकलं. खेळ मात्र आम्ही परत लावला नाही.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्याने आधी काचेबाहेरच्या धुळीकडे बघितलं. मग म्हणाला, "तिथे रंग होता ना, तुझ्या पायाशी?"

"असेल," मी म्हटलं. "मी तुझ्याकडे बघत होते."